हरवलेली अठ्ठ्याण्णव निकालपत्रं

१

शंभर.

व्हर्लीनबाई पेटवे यांनी चष्मा काढला, स्वेटरच्या बाहीने पुसला आणि पुन्हा घातला. सॉफ्टवेअरने काढलेल्या अहवालाच्या शेवटच्या पानाच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत, तीच ओळ होती : वाचलेली निकालपत्रं, शंभर. त्यांच्या मांडीवरच्या हिरव्या वहीत मात्र, त्यांच्याच गोल अक्षरात, शेवटचा अनुक्रमांक होता एकशे अठ्ठ्याण्णव.

अठ्ठ्याण्णव निकालपत्रं कुणीतरी उचलली होती.

सकाळचे नऊ वाजले होते. बर्मिंगहॅमच्या त्या जुन्या वकिली पेढीत व्हर्लीनबाई एकतीस वर्षं ग्रंथपाल होत्या. तीन वर्षांपूर्वी पुस्तकं गोदामात गेली आणि त्यांच्या जागी ते सॉफ्टवेअर आलं. न्यायाधीशाचे मागचे निकाल त्याला भरवायचे. मग ते सांगायचं की या न्यायाधीशाला कोणता युक्तिवाद पटतो, कोणता खपत नाही आणि कौल कुणाच्या बाजूने किती वेळा गेला. हल्ली खटल्याची तयारी तिथूनच सुरू होई. माणूस दगावला किंवा जायबंदी झाला म्हणून कंपनीवर भरलेले, न्यायाधीश हॅस्क्यूबाईंपुढचे अकरा वर्षांतले सगळे खटले व्हर्लीनबाईंनीच कोर्टातून शोधून आणले होते. एकेका निकालपत्राची वहीत नोंद केली होती, मगच ते यंत्राला दिलं होतं.

आणि आता यंत्र म्हणत होतं, दहापैकी नऊ वेळा कंपनी जिंकते.

पलीकडच्या बैठकीच्या खोलीत अर्लीन स्टर्डिव्हंट बसली होती. तिचा नवरा आल्वेस्टर ट्रकवर होता. तीन वर्षांपूर्वी लोखंडी पाइप ओतणाऱ्या कारखान्याच्या अंगणात माल भरताना पाइपांच्या भाऱ्याचा पोलादी पट्टा तुटला आणि आल्वेस्टर घरी आलाच नाही. कारखाना म्हणत होता, आमच्या तपासणीचे कागद चोख आहेत, खटला ज्यूरीपुढे न नेता काढून टाका. त्यावर आज दुपारी दोन वाजता सुनावणी होती. कारखान्याने तडजोडीचा कागदही पाठवला होता, पण बारापर्यंतच. सही केली तर पदरात थोडं पडणार. पण आल्वेस्टर कसा गेला हे उघड्या कोर्टात कुणी ऐकणार नाही आणि तिनेही कुठे बोलायचं नाही. सही नाही केली आणि सुनावणी हरली, तर हातात काहीच नाही.

अर्लीन व्हर्लीनबाईंच्याच चर्चमधली. रविवारी दारात उभी राहून ती लोकांना जागा दाखवायची. व्हर्लीनबाई आत गेल्या तेव्हा तिने पेन बाहेर काढून कागदाच्या शेजारी ठेवलं होतं.

"अर्लीन, त्या पेनाला टोपण घाल."

"का गं? दहापैकी नऊ म्हणाले मिस्टर ब्रॅनम."

"तो आकडा खोटा आहे. कुणीतरी आपल्याच घरातून निम्मे निकाल काढून घेतलेत."

अर्लीनने पेनाला टोपण घातलं. मग तिने हळू आवाजात विचारलं, "कुणी?"

"यंत्रातल्या निकालांच्या कोठाराची किल्ली तिघांकडे आहे. यंत्र सांभाळणारा वायट, थेरन आणि पेढीचे प्रमुख, स्वतः मिस्टर ब्रॅनम."

"थेरन?" अर्लीनचा चेहरा उतरला. "व्हर्लीन, दोन वाजता माझ्या बाजूने तोच उभा राहायचा आहे. चोर तोच असेल तर मी कुणाच्या जिवावर आत जाऊ? बारापर्यंत मला नाव सांग. नाही सांगता आलं तर मी सही करते. निदान फसवून घेतलं असं तरी व्हायचं नाही."

२

वायट लूमिस यंत्राच्या खोलीत डब्यातून मक्याच्या पावाचा ओलसर चुरा खात होता. सत्तावीस वर्षांचा, हसतमुख. वकिलीचा त्याला गंध नव्हता, आणि ते तो लपवतही नसे.

"अठ्ठ्याण्णव?" त्याचा चमचा थांबला. "मी मंगळवारी काही काढली होती, मिस व्हर्लीन. पण दुबार आलेली. पाच-सात असतील."

"दुबार माझ्या वहीत नाहीतच. एकशे अठ्ठ्याण्णव वेगवेगळी आहेत. कुणी काढली ते कळेल का?"

"नाही कळायचं. तिघेही एकाच नावाने आत शिरतो. वेगवेगळी नावं घ्यायला मिस्टर ब्रॅनमनी परवानगी दिली नाही."

"पुन्हा भरवलीस तर?"

"चार तास लागतील वाचायला. बारापर्यंत नाही होणार."

"बरं, मला एक सांग. तुला एखाद्या पक्षाचे विजय लपवायचे असते, तर तू काय केलं असतंस?"

वायटला प्रश्न आवडला नसावा, तरी त्याने उत्तर दिलं. "एक कळ. यंत्राने प्रत्येक निकालावर कोण जिंकलं त्याची चिठ्ठी लावलेली असते. जिंकलेले निवडायचे आणि काढायचे. अर्धं मिनिट." मग तो एकदम खुलला. "पण अशाने मजाच जाते हो. या यंत्राला जज्जबाईंचा आवाज ओळखू येतो. त्यांची आवडती वाक्यं, त्यांची लय. एकेक शब्द त्या कशा तोलून लिहितात ते बघा तरी."

व्हर्लीनबाईंना आपलं चर्च आठवलं. त्यांचे पाळक दर रविवारी प्रवचन साध्या बोलण्यात सुरू करत आणि बोलता बोलता गाऊ लागत. साऱ्या मंडळींचा श्वास त्या गाण्याला लागून जाई. डोळे मिटूनही व्हर्लीनबाई सांगू शकल्या असत्या की पाळक गातायत की पाहुणे पाळक. एकतीस वर्षं त्यांनी निकालपत्रंही तशीच, कानाने वाचली होती. हॅस्क्यूबाईंच्या सहीवरती निरनिराळे तीस-चाळीस गळे होते. वायटला तो एकच गळा वाटत होता.

"यंत्राला आणखी काही दिसलं?"

"एक गंमत दिसली. जुनी नव्वदच्या नव्वद कंपनीच्या बाजूची. गेल्या वर्षीच्या जानेवारीपासून दहा आहेत, ती दहाही माणसाच्या बाजूची. पण दहा म्हणजे फार थोडी, म्हणून यंत्राने ती हिशेबात फारशी धरली नाहीत."

"म्हणजे एका शुक्रवारी जज्जबाई झोपल्या आणि सोमवारी बदलून उठल्या?"

"तसंच दिसतंय."

"लेकरा, मी तंबूतल्या प्रार्थनासभांमध्ये माणसं बदलताना पाहिली आहेत. रडत पुढे येतात, देवाला हात देतात. पण त्यातलासुद्धा एखादा पुढच्या शनिवारी जुन्या वाटेला लागतोच. दहाच्या दहा कुणी टिकत नाही."

३

हॉलिस ब्रॅनम खिडकीपाशी उभे होते. वय अडुसष्ट, खांदे अजून ताठ. आल्वेस्टरच्या अंत्यविधीला ते स्वतः आले होते आणि शेवटपर्यंत बसले होते, हे व्हर्लीनबाई विसरल्या नव्हत्या.

"मिस व्हर्लीन, ती वही बंद करा. त्या बिचारीला आशा लावून ताटकळत ठेवायचं हे पुण्य नाही."

"आकडा बरोबर असता तर मीच तिच्या हातात पेन दिलं असतं."

"यंत्र चुकत असेल. पण मी चुकत नाही. पस्तीस वर्षं या कोर्टात काढलीत. हॅस्क्यूबाई वकील होत्या तेव्हापासून ओळखतो. त्यांची निम्मी निकालपत्रं याच टेबलावर लिहिली गेली." त्यांनी टेबलावर टिचकी मारली. "जिंकणाऱ्याच्या वकिलाने लिहून न्यायचं, त्यांनी सही करायची. इथे कुठला जज्ज स्वतः लिहीत बसतो?"

"शेवटचं कधी गेला होतात त्यांच्यापुढे?"

"दोन वर्षं झाली असतील. गुडघे ऐकत नाहीत. आता थेरन जातो." ते वळले. आवाज मऊ होता, पण शब्द मऊ नव्हते. "साडेअकराला मला कारखान्याच्या वकिलाला फोन करायचाय. तोवर तुम्ही तुमच्या खोलीत असाल अशी माझी अपेक्षा आहे. एकतीस वर्षांनंतर तुम्हाला नोटीस द्यायची वेळ माझ्यावर आणू नका."

घड्याळात सव्वादहा झाले होते.

४

व्हर्लीनबाई आपल्या खोलीत गेल्या खऱ्या, पण खुर्चीत नाही, जमिनीवर बसल्या. निकालपत्रांच्या कागदी प्रती त्यांनी खोक्यांत जपून ठेवल्या होत्या. यंत्राच्या यादीत उरलेली एका बाजूला, हरवलेली दुसऱ्या बाजूला, अशा दोन चळती त्यांनी लावल्या. मग प्रत्येकाचं शेवटचं पान उघडून कौल वाचायला लागल्या. ‘देवा, मला बघायचं आहे ते दाखवू नकोस, आहे ते दाखव,’ असं पुटपुटत.

पाऊण तासाने त्यांची बोटं काळी झाली होती, पण कोडं सुटायच्या ऐवजी अधिकच गुंतलं होतं.

हरवलेल्या चळतीत माणसाचे विजय होते, शहाऐंशी. ते अपेक्षितच होतं. पण त्याच चळतीत बारा पराभवही होते. कंपनी जिंकते असं दाखवायचं असेल तर कंपनीने जिंकलेली बारा निकालपत्रं कुणी कशाला उचलेल? आणि माणसाचे दहा विजय तसेच का सोडेल?

दारावर टकटक झाली. थेरन गॅडिस आत डोकावला. चौतीस वर्षांचा, इस्त्रीचा शर्ट, आणि डोळ्यांखाली काळं.

"मिस व्हर्लीन, वायटने सांगितलं. तुम्ही माझ्यावरही संशय घेताय म्हणे."

"तिघांवर घेतेय. बस."

तो खोक्यावर बसला. "खरं सांगू? तिने सही केली तर मला आतून बरंच वाटेल. त्या बाईंपुढे मी लागोपाठ तीन हरलोय. चौथ्यांदा उभं राहायची भीती वाटते. पण मी चोरी केलेली नाही."

"भीती वाटणाऱ्याने चोरी केल्याची उदाहरणं बायबलात भरपूर आहेत."

"असतील." तो वाकला आणि हरवलेल्या चळतीतलं एक पान उचलून कसनुसा हसला. "हे बघा. मार्चमधलं माझंच. हरलो ते हरलो, वर मलाच लिहायला लावलं. आपल्याच हाताने आपल्या मयताची बातमी लिहावी तसं."

व्हर्लीनबाईंचा हात हवेत थांबला.

"हरलास तू. मग लिहिलं कसं तू?"

"बाईंची ही नवी तऱ्हा आहे. गेल्या वर्षी जानेवारीत पहिल्याच दिवशी म्हणाल्या, जिंकणारा नुसता फुशारक्या लिहितो. यापुढे हरणाऱ्याने लिहायचं. आपण का हरलो हे ज्याला नीट लिहिता येतं, तो पुन्हा तीच चूक घेऊन माझ्यापुढे येत नाही. त्यांच्या कोर्टात रोज जाणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे. बाहेर कुणाला माहीत असणार?"

व्हर्लीनबाईंनी हिरवी वही ओढली. एका रकान्यात, जुन्या ग्रंथपालाच्या खोडीने, त्यांनी प्रत्येक निकालपत्राचा मसुदा कोणत्या वकिलाने लिहिला ते टिपून ठेवलं होतं. त्यांचं बोट वरून खाली सरकू लागलं. वही संपेपर्यंत त्यांनी श्वास घेतला होता की नाही, त्यांनाच आठवेना.

"थेरन, कोट चढव," त्या म्हणाल्या. "आणि वायटलाही बोलाव. बैठकीच्या खोलीत."

अकरा वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

५

अर्लीन टेबलाच्या एका टोकाला. समोर तडजोडीचा कागद. ब्रॅनम तिच्या शेजारी, हातात फोन.

"ते अजून वीस मिनिटं थांबतील," ब्रॅनम म्हणाले. "मिस व्हर्लीन, मी तुम्हाला सांगितलं होतं."

"सांगितलं होतं. अर्लीन, मी मोजून आलेय. एकशे अठ्ठ्याण्णवपैकी शहाण्णव वेळा माणूस जिंकला, एकशे दोन वेळा कंपनी. जवळजवळ निम्मं-निम्मं."

"आणि नाव?" अर्लीनने विचारलं.

व्हर्लीनबाईंनी वही टेबलावर उघडी ठेवली.

"ज्याने हे केलं त्याला माणसाचे विजय लपवायचे होते. पण त्याने बारा पराभव उचलले आणि दहा विजय सोडले. मला वाटलं वेडा असावा. पण त्याने कौल बघितलाच नव्हता. त्याने फक्त खाली कुणा वकिलाचं नाव आहे ते बघितलं. जखमींच्या, मयतांच्या वकिलांनी लिहिलेली सगळी अठ्ठ्याण्णव काढली, कंपन्यांच्या वकिलांनी लिहिलेली शंभर ठेवली. एकसुद्धा इकडची तिकडे नाही."

"मग?" वायटने विचारलं.

"तुला जज्जच लिहितात असं वाटतं, वायट. सकाळी तू त्यांच्या लयीचं मला कौतुक सांगितलंस. खाली वकिलाचं नाव असतं ते तू पाहिलंही नसशील. आणि विजय काढायला तुला अर्धं मिनिट पुरलं असतं. नावं वाचत बसणं हे तुझं काम नव्हे."

वायटने खांदे सैल सोडले.

"थेरनला ठाऊक आहे की गेल्या वर्षापासून तिथे हरणारा लिहितो. त्याने नावावरून काढायचं ठरवलं असतं तर जानेवारीपासूनची उलटी काढली असती. त्याने स्वतः हरून लिहिलेलं निकालपत्रसुद्धा चोरीला गेलंय. हरण्याची भीती घालणारा माणूस स्वतःच्या पराभवाचा पुरावा लपवत नाही."

थेरन खाली बघत होता.

"म्हणजे उरतो तो माणूस, ज्याच्या हाडीमाशी खिळलंय की जिंकणाराच लिहितो. ज्याने पस्तीस वर्षं तसंच केलं. आणि जो दोन वर्षांत त्या कोर्टाची पायरी चढलेला नाही."

ब्रॅनमनी वही स्वतःकडे ओढली.

"हरणाऱ्याला लिहायला लावते?" ब्रॅनम पुटपुटले. ते कुणालाच विचारत नव्हते. "कुणी करतं का असं?"

"तुम्ही नावावरून का काढली, मिस्टर ब्रॅनम? वायटची कळ होती की."

"मला ती कळ सापडली नाही." ते खुर्चीत बसले तेव्हा एकदम म्हातारे दिसले. "नावं मात्र मला पाठ आहेत. सगळी माझ्याबरोबरची पोरं. निम्मी आता मातीत गेली."

अर्लीनने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. "का?"

"कारखान्याच्या वकिलांनी मला त्यांच्या पेढीत बोलावलंय. दारावर नाव, खालच्या मजल्यावर खोली, जिना नाही." ते हसायला गेले, पण जमलं नाही. "जोवर तुमचा खटला जिवंत आहे तोवर मला तिकडे जाता येत नाही. मला वाटलं, निम्म्यांदा तुम्ही हरणारच आहात. थोडं मिळून घरी गेलात तर काय वाईट?"

"आल्वेस्टरच्या शवपेटीशी तुम्ही बसला होतात," अर्लीन म्हणाली. "माझ्या बहिणीने तुम्हाला ताट वाढून दिलं होतं."

"बसलो होतो. ते खोटं नव्हतं."

"नसेल. म्हणून तर जास्त लागतंय."

ब्रॅनमनी फोन टेबलावर पालथा ठेवला, टोपी घेतली आणि कुणाकडेही न बघता निघून गेले. वकिलांच्या मंडळाकडे त्यांच्याबद्दल लिहावं लागणार होतं. ते थेरन उद्या लिहिणार होता. आज त्याला वेळ नव्हता.

बाराला चार कमी होते. तडजोडीचा कागद अजून तिथेच होता.

"मिसेस स्टर्डिव्हंट," थेरन घसा साफ करत म्हणाला, "मी जिंकेनच असं मला म्हणता येणार नाही. निम्मं-निम्मं म्हणजे निम्मं-निम्मंच. सही अजूनही करता येईल तुम्हाला."

"लेकरा, दहापैकी नऊ ऐकलं तेव्हा मला वाटलं, आतलं दार आधीच लागलंय, मी नुसती पायरीवर बसलेय." अर्लीनने कागदाची घडी घातली, पुन्हा एक घातली. "निम्मं-निम्मं म्हणजे अजून कुणी ठरवलेलं नाही. मग त्यांना माझ्यादेखत ठरवू दे. तुला जेवायचंय का काही? रिकाम्या पोटी भांडू नकोस."

६

न्यायाधीश हॅस्क्यू बारीक अंगाच्या होत्या आणि लिहून घेताना वर बघत नसत. कारखान्याचा वकील आधी बोलला. तपासणीच्या नोंदी, तारखा, सह्या, सगळं ओळीने. वीस मिनिटं. मागच्या बाकावर अर्लीनने व्हर्लीनबाईंचा हात इतका घट्ट धरला होता की अंगठी रुतत होती.

मग थेरन उठला. पहिली दोन वाक्यं त्याने खालच्या आवाजात कागदावरून वाचली. तिसऱ्याला त्याने हातातला कागद बाजूला ठेवला.

"बाईसाहेब, या नोंदींत पट्टा तपासल्याच्या सह्या आहेत. तीन वर्षांच्या सगळ्या सह्या एकाच पेनाने, एकाच बैठकीत केल्यासारख्या दिसतात. मी हस्ताक्षराचा जाणकार नाही. पट्टा खरंच कुणी हातात घेऊन पाहिला होता का, एवढंच मला विचारायचंय. हे विचारायला मला माणसं समोर हवीत. कागदाला विचारून होत नाही."

आता आवाज उतरत नव्हता. व्हर्लीनबाईंना वाटलं, आणखी थोडं चढलं तर हा पोरगा गाऊ लागेल. ओठ मिटून त्या आतल्या आत ‘सांग, सांग’ म्हणत राहिल्या, रविवारी म्हणायच्या तसं.

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. आता त्यांनी वर पाहिलं, वकिलांकडे नाही, सरळ मागच्या बाकाकडे.

"हा प्रश्न ज्यूरीने ऐकावा असा आहे. कारखान्याचा अर्ज मी फेटाळते. खटला सप्टेंबरच्या दुसऱ्या सोमवारी चालेल."

बाहेर लांबलचक दगडी ओसरीवर आल्यावर अर्लीन भिंतीला टेकली. थेरन तिच्याशी काहीतरी बोलत होता, पण तिचं लक्ष नव्हतं. तिने पर्समधून फोन काढला आणि पाठ असलेला एक नंबर लावला.

"कुणाला?" व्हर्लीनबाईंनी विचारलं.

"रॉस्को बीसनला. त्या दिवशी भाऱ्यापाशी आल्वेस्टरबरोबर तोच होता. अजून तिथेच कामाला आहे. तीन वर्षं झाली, दुकानात मी दिसले की दुसऱ्या रांगेत वळतो."

फोन उचलला गेला. मागे यंत्रांचा खडखडाट ऐकू येत होता.

"रॉस्को, मी अर्लीन. फोन ठेवू नकोस. सप्टेंबरमध्ये ज्यूरीची बारा माणसं बसणार आहेत ऐकायला. तुझी नोकरी आहे, पोरं आहेत, मला कळतं. तू पाहिलंस तेवढंच सांगशील का?"

खडखडाट हळूहळू लांब गेला. रॉस्को चालत कुठेतरी बाहेर आला असावा. अर्लीनने फोन दोघींच्या मध्ये धरला.

"सिस्टर स्टर्डिव्हंट," चर्चमध्ये हाक मारतात तशी हाक मारत पलीकडून जाड आवाज आला, "मी आठ दिवस आधी सांगितलं होतं त्यांना, पट्टा बदला म्हणून. त्यानंतर मला कुणी काही विचारलंच नाही. मी येईन. कुठे यायचं तेवढं सांगा."